वरून आरसा, आतून डांबर: एका ब्रायर पाइपची सफाई

तंबाखू ओढायचा हा पाइप टेबलावर आला तेव्हा तो सफाईसाठी आलाय असं कुणी म्हटलं नसतं. बिलियर्ड म्हणतात तो सरळ नळीचा घाट, ब्रायरच्या, म्हणजे पाइपसाठी वापरतात त्या कठीण लाकडाच्या, रेषा वरपासून खालपर्यंत सुरेख उतरलेल्या, अंगावर चेहरा दिसेल एवढी चकाकी. तक्रार मात्र स्पष्ट होती: चार-सहा झुरक्यांत गुरगुर सुरू होते आणि चव कडू लागते. नुकताच तो दुसरीकडे पॉलिश होऊन आला होता.

अशा वेळी मी चकाकीकडे बघत नाही, आधी पाइप क्लीनर, म्हणजे धाग्यांची लव असलेली लवचीक तार, आत घालतो. तोंडाच्या बाजूने घातलेला क्लीनर नळीतून सरळ गेला आणि जिथे नळी लाकडाच्या मानेत, म्हणजे वाटीपासून निघालेल्या पोकळ दांड्यात, शिरते तिथे अडला. थोडा जोर दिल्यावर पुढे सरकला, पण बाहेर आला तो काळा, चिकट, डांबरासारखा. तंबाखू भरायच्या वाटीत बोट फिरवलं. वर मोकळी, खाली निमुळती. कोळशाचा थर काठाशी जेमतेम 1 मिलिमीटर, तळाशी 4 मिलिमीटरच्या पुढे. धूर बाहेर पडायचं भोक अर्धं बुजलेलं.

नळी सुटत नव्हती. इथे हिसका दिला की टेनन, म्हणजे मानेत बसणारं नळीचं बारीक टोक, आतच तुटून राहतं. पाइप प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवला. थंडीने नळीचं एबोनाइट (कडक रबर) लाकडापेक्षा जास्त आकसतं आणि डांबरही ठिसूळ होतं. मग वाटी नव्हे, मान मुठीत धरून नळी घड्याळाच्या दिशेने हळूहळू फिरवत काढली. नुकताच ओढलेला गरम पाइप कधीही उघडू नये, कारण तेव्हा लाकूड फुगलेलं असतं आणि टेनन नरम असतं. बहुतेक टेनन अशाच घाईत मोडतात.

वाटीत रीमर, म्हणजे कोळसा खरवडायचं पात्यांचं हत्यार, चालवला तो सर्वांत लहान पात्यापासून. मोठं पातं थेट घातलं तर ते तिरकं बसतं आणि वाटी लंबगोल होते. फिरवताना दाब अगदी कमी. कोळसा भुकटी होऊन पडत असेल तर ठीक, खपल्या उडू लागल्या तर थांबायचं. एरवी मी साधारण 1 मिलिमीटर थर ठेवतो. तो लाकडाला थेट आचेपासून वाचवतो, पण जास्त जाड झाला तर तापल्यावर त्याचं आणि लाकडाचं प्रसरण जुळत नाही आणि वाटीला तडा जाऊ शकतो. इथे तळाचं लाकूड तपासायचं होतं, म्हणून थर पूर्ण काढला. भिंतीवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा होत्या. टोकदार हत्याराने टोचून पाहिलं, लाकूड कुठेही मऊ लागलं नाही. आरपार जळायला लागलेल्या जागी टोक आत रुततं, तसं इथे नव्हतं.

मानेला वेळ लागला. 99 टक्के आयसोप्रोपाइल अल्कोहोल, कान साफ करायच्या कापसाच्या काड्या आणि चाळीसेक क्लीनर. मानेच्या भोकाच्या तळाशी डांबराचं दगडासारखं कडं जमलं होतं, ते बोथट सळईने खरवडून काढलं. धुराच्या वाटेत 4 मिलिमीटरचा ड्रिल बिट हाताने फिरवला. मशीनला लावून कधीच नाही, कारण जुन्या पाइपचं भोक थोडं तिरकं असलं तर बिट नवीन वाट कोरतो.

रात्रभर मुरवणीसाठी वाटीत कापूस भरला, मानेत कापसाची पिळलेली वात घातली आणि ड्रॉपरने अल्कोहोल काठाखाली 4 मिलिमीटरपर्यंत सोडलं. पुष्कळजण कापसाऐवजी मीठ भरतात. मीठ डांबर चांगलं ओढतं, पण मानेत ओलं होऊन दडपून बसलं तर मान चिरल्याची उदाहरणं आहेत. कापूस थोडा कमी ओढतो आणि काही बिघडवत नाही. सकाळी तो चहाच्या चोथ्यासारखा झाला होता. दुसऱ्या रात्री फिकट पिवळा. तिसरी फेरी लागली नाही.

नळीवर हिरवट-तपकिरी झाक होती. एबोनाइट म्हणजे नेल्सन गुडइयर यांनी 1851 साली पेटंट घेतलेलं कडक रबर. त्यात गंधक भरपूर असतं आणि ऊन-हवेने ते पृष्ठभागावर येतं. चव कडू लागण्यात त्याचाही वाटा असतो. कडक गरम पाण्याने ही झाक वाढते, म्हणून पाणी कोमटच. दाताच्या खुणांवर लायटरची ज्योत लांबून पुढे-मागे फिरवली, आत क्लीनर ठेवूनच, नाहीतर वाट मिटते. एबोनाइट तापलं की मूळ आकाराकडे परततं आणि उथळ खुणा आपोआप वर येतात. मग 400, 600 आणि 1000 नंबरचा ओला पॉलिश पेपर, नंतर मायक्रोमेश या अतिबारीक पॉलिश कापडाच्या 1500 ते 12000 नंबरच्या नऊ गाद्या, दर तीन गाद्यांनंतर तेलाचा हात. नळी ॲक्रिलिकची असेल तर अल्कोहोल तिच्यापासून लांब ठेवावं, आतून बारीक चिरा पडतात.

आता ती चकाकी. अल्कोहोलचा बोळा फिरवला तर काही झालं नाही, म्हणजे शेलॅक (लाखेचं पॉलिश) नव्हतं. ॲसिटोनने थर चिकट होऊन सुटला. लॅकर होतं, आणि काठावर आचेने त्याला फोडही आले होते. आधीच्या पॉलिशमध्ये नळी काढून मान वेगळी बफ केली, म्हणजे फिरत्या चाकावर घासली, होती. त्यामुळे जोडाच्या कडा गोल झाल्या होत्या आणि नळी बसवली की तिथे नखाला खाच लागायची. हे फार वाईट वाटतं, कारण गेलेलं लाकूड परत आणता येत नाही. नळी बसवून, बनवणाऱ्याच्या शिक्क्यावर टेप लावून, दोन्ही एकत्र 600 नंबरने हलके घासले. खाच कमी झाली, गेली नाही.

या टप्प्याला सगळं कोरडं आणि स्वच्छ होतं, तरी गुरगुरीचं कारण पटत नव्हतं. व्हर्नियरने मोजलं. टेनन 10 मिलिमीटर, मानेतलं भोक 13 मिलिमीटर खोल. टेननच्या टोकापुढे 3 मिलिमीटरची पोकळी होती, आणि डांबराचं कडं नेमकं तिथेच बसलं होतं. अरुंद वाटेतून आलेला गरम धूर त्या रुंद जागेत पसरतो, थंड होतो, ओल तिथेच साचते. तिच्यातून हवा गेली की गुरगुर. साफ करून दिला असता तरी महिनाभरात पुन्हा तेच झालं असतं. डेल्रिन या कडक प्लास्टिकच्या दांडीतून 2.5 मिलिमीटर जाडीचं कडं कापलं, मधे 4 मिलिमीटरचं भोक, बाहेरून तळाशी घट्ट बसेल असं. उरलेला अर्धा मिलिमीटर मुद्दाम सोडला. पोकळीच नसती तर फुगण्या-आकसण्यात टेनन तळाला टेकून नळी बाहेर ढकलली गेली असती.

वाटीला आतून दही आणि सक्रिय कोळशाची भुकटी कालवून पातळ लेप दिला, दोन दिवस वाळवला. बाहेरून ट्रिपोली, मग त्याहून बारीक व्हाइट डायमंड ही पॉलिशची मिश्रणं, शेवटी कार्नोबा मेण. प्रत्येकाचं चाक वेगळं, 6 इंची, मिनिटाला 1725 फेऱ्यांचं. दुप्पट वेगावर मेण जळून पट्टे उमटतात आणि चाक पाइप हातातून हिसकावतं. कार्नोबा 82 ते 86 अंशांना वितळतं, घर्षणाने तेवढंच मिळायला हवं. मेणाचे दोन हलके हात पुरतात, जाड थर काठाजवळ पांढुरका पडतो.

पाइपच्या मालकाला पहिल्या तीन वेळा वाटी निम्मीच भरायला सांगितली होती. तिसऱ्या वेळेनंतर घातलेला क्लीनर त्यांनी मला दाखवायला आणला: फिकट तपकिरी ओल, टोकापासून टोकापर्यंत सारखी, आणि जोडापाशी काळा ठिपका नव्हता.