व्हाउचर नसलेला खर्च

बेळगावच्या टिळकवाडीत माझं लेखापरीक्षणाचं ऑफिस आहे. पक्षकार म्हणजे पतसंस्था, दुकानदार, एक-दोन शाळा. त्यात एक संस्था अशी, की तिच्याकडे फी मागताना जीभ अडखळते. सीमाभागातल्या इतिहास-संशोधकांची ही संघटना. बेळगाव, खानापूर, निपाणीकडचे प्राध्यापक, हायस्कूलचे शिक्षक, काही हौशी मंडळी. वर्षाला एक अधिवेशन आणि एक अंक. हलशीचं भूवराह-नरसिंहाचं देऊळ, बेळगावच्या किल्ल्यातलं 1204 चं जैन मंदिर कमलबस्ती, शेताच्या बांधावर पडलेले वीरगळ म्हणजे वीरांच्या स्मृतिशिळा, असे विषय. निबंध मराठीत येतात तसे कन्नडमध्येही.

यंदा खजिनदार सर आले ते भर पावसात. स्वतः निथळत होते, फाइल मात्र दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत कोरडी ठणठणीत. निवृत्त मुख्याध्यापक, कॅशबुकातलं अक्षर बघत बसावं असं. खाडाखोड नाही, बँकेशी शिल्लक पैशापैशाला जुळलेली. असे हिशेब पाहिले की आमच्यासारख्याला बरं वाटतं, आणि थोडा संशयही येतो.

अधिवेशन खानापुरात झालं होतं. हॉलचं भाडं, मांडव, स्पीकर, आचाऱ्याची मजुरी, तांदूळ, तेल, छपाई, सगळ्याला पावत्या होत्या. प्रवासखर्च कुठंच दिसेना.

"सर, प्रवासाचं खातं?"

"नाही."

"नाही म्हणजे?"

"कुणी मागितलाच नाही की. मग खातं कशाला उघडू?"

मग मी एकेक विचारत गेलो. आचाऱ्याच्या बिलात तांदूळ आहे, भाजीचं काय? ती स्थानिक कार्यवाहांच्या मळ्यातली. पाहुण्यांना स्टेशनवरून आणायला गाडी? सहकार्यवाहांच्या मेहुण्याची. डिझेल? "त्यानंच घातलं असणार." प्रमाणपत्रांची छपाई दिसते, पण त्यावर नावं कुणी घातली? एका बाईंनी, रात्री जागून, घरच्या प्रिंटरवर. शाईचं बिल अर्थातच नाही. निबंधवाचनाची वेळ संपली की वाजवायची घंटासुद्धा सरांच्या घरच्या देव्हाऱ्यातली निघाली.

संपादक बाई निपाणीच्या. छापखाना बेळगावात. मुद्रितं तपासायला त्या पाऊणशे किलोमीटर एस.टी.नं येतात, तपासतात आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जातात. आलेला प्रत्येक निबंध लेखकाचं नाव झाकून दोन तज्ज्ञांकडे जातो. त्या तज्ज्ञांनाही मानधन नाही. अंकाच्या जमेच्या बाजूला मी पुन्हा पाहिलं: सभासद वर्गणी, थोड्या देणग्या. निबंध छापायचे पैसे म्हणून एक रुपया जमा नाही. 2018 साली विद्यापीठ अनुदान आयोगानं आपल्या यादीतली 4,305 नियतकालिकं एका झटक्यात काढून टाकली, दर्जा नाही किंवा माहिती खोटी म्हणून. पैसे मोजले की आठवड्यात छापून देणाऱ्यांचा तो सुकाळ होता. बाईंनी मनात आणलं असतं तर संस्थेची शिल्लक कधीच फुगली असती.

इथवर कुणीही म्हणेल, काय थोर माणसं! मीही म्हणतो. पण माझं काम ताळेबंद बघायचं आहे, आणि मला हा ताळेबंद खोटा वाटत होता. कायद्यानं नव्हे. कुणी फुकट केलेले श्रम पुस्तकात धरत नाहीत, ते ठीकच. पण खिशातून गेलेला पैसा हा खर्चच. तो लपला की वाचणाऱ्याला वाटतं, अधिवेशन एवढ्यात होतं. पुढच्या गावचे लोक त्या आकड्याच्या भरवशावर निमंत्रण देतात आणि ऐन वेळी तोंडघशी पडतात. आणि नवीन माणूस पद घेतो, तीन महिन्यांत त्याला पाकिटाचा अंदाज येतो, मग तो फोन उचलेनासा होतो. खजिनदारपद सरांकडेच का राहिलंय, हे मला त्या दिवशी कळलं.

मी म्हटलं, "सर, सगळ्यांकडून व्हाउचरं घ्या. संस्थेनं चेकनं पैसे परत करावेत. मग ज्याला वाटेल त्यानं देणगी द्यावी, आपण पावती देऊ."

"म्हणजे पैसे फिरून संस्थेकडेच? मग दोन चेक फाडायचे कशाला? त्यांना कर तरी वाचणार आहे काय?"

"नवीन करप्रणाली घेतली असेल तर देणगीवरची 80जी ची सूट मिळत नाही. पण खर्च दिसेल."

सर चिडले. "1910 साली इतिहासाचार्य राजवाड्यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं, तेव्हा कोण व्हाउचर लिहीत बसलं होतं?"

"राजवाड्यांना आयकराचा 10बीबी लेखापरीक्षण अहवाल भरायचा नव्हता, सर."

ते हसले, पण मानले नाहीत. शेवटी झालं ते एवढंच: हिशेबांखालच्या टिपांमध्ये मी एक टीप घातली, की पदाधिकारी, संपादक, परीक्षक यांनी विनामोबदला काम केलं असून त्यांचा प्रवास व किरकोळ खर्च पुस्तकात आलेला नाही. खाली कामांची यादी. मुद्रितशोधन, निबंध-परीक्षण, पत्रव्यवहार, सभासदांची नोंदवही, निबंधक कार्यालयात द्यायची कन्नडमधली कागदपत्रं.

सर्वसाधारण सभेत हिशेब मंजूर करणं म्हणजे जेवणाआधीचा अडथळा. आभार तर लोक चपला शोधत ऐकतात. मी ती टीप वाचायला घेतली आणि मुद्दाम सावकाश वाचली. संपादक बाईंनी मान खाली घातली. मागून खानापूरच्या एका तरुण शिक्षकानं विचारलं, "मग खरा खर्च किती होता?" कुणालाच सांगता येईना. त्यावरून अर्धा तास वाद झाला. ज्येष्ठांना हे सारं पैशाचं बोलणं लागलं. "आम्ही काय हमाली मागायला आलोय?" असं एक जण म्हणालेही. त्यांचं दुखणं मला कळतं, पण मला ते पटत नाही. शाल-श्रीफळ देऊन त्याच माणसाला पुन्हा तेच ओझं द्यायचं, ह्याला मी तरी आभार म्हणणार नाही.

ठराव झाला: पुढच्या अंदाजपत्रकात प्रवास आणि अधिवेशन-किरकोळ अशी दोन खाती. सत्काराचं खातं निम्मं केलं. तो तरुण शिक्षक सहखजिनदार व्हायला तयार झाला, मात्र अट घालून: सरांनी स्वतःचं व्हाउचर आधी द्यायचं.

सरांचं पहिलं व्हाउचर परवा माझ्याकडे आलं. शहापूर ते टिळकवाडी, रिक्षाभाडं. येण्याचं. जाण्याचं का नाही म्हणून फोन केला, तर म्हणाले, "परतीला चालत गेलो की."