फिनिक्स ते व्हॅली ऑफ द गॉड्स, लिथियम बॅटरीवर

मोटरहोमच्या हाउस बॅटऱ्या (राहण्याच्या भागाला वीज देणाऱ्या) लिथियमच्या करून घेतल्यावर ऑक्टोबरच्या शेवटी आम्ही फिनिक्सहून निघालो. आधी ग्रँड कॅनियनचा दक्षिण काठ, मग पेज नावाचं गाव, मॉन्युमेंट व्हॅली आणि शेवटी युटामधली व्हॅली ऑफ द गॉड्स. सोबत सांगलीहून आलेले आई-बाबा होते. बाबांना झोपेत श्वास अडकण्याचा त्रास आहे, त्यामुळे रात्रभर दाबाने हवा देणारं सीपॅप मशीन लागतं. या वाटेवरचे सुंदर मुक्काम बहुतेक बिनविजेचे आहेत आणि कॅम्पग्राउंडमध्ये रात्री जनरेटर लावता येत नाही. म्हणूनच बॅटऱ्या बदलल्या. ज्यांच्या घरात अशी गरज आहे, किंवा ज्यांना जनरेटरच्या आवाजाशिवाय रानात राहायचं आहे, त्यांच्यासाठी हे जरा सविस्तर लिहितोय.

आमची गाडी फोर्डच्या ई-४५० चासीवरची क्लास सी, म्हणजे व्हॅनच्या सांगाड्यावर बांधलेली मोटरहोम. त्यात ६ व्होल्टच्या दोन गोल्फ कार्ट बॅटऱ्या सिरीजमध्ये होत्या, क्षमता सुमारे २२० अँपिअर-तास (एक अँपिअर करंट तासभर दिला की एक अँपिअर-तास). पण लेड-अ‍ॅसिड बॅटरी वारंवार निम्म्याखाली उतरवली की तिचं आयुष्य झपाट्याने घटतं, म्हणजे हाताशी खरे ११०. थंडीत त्यातूनही कमी मिळतात. पहाटे हीटरचा पंखा सुरू झाला की व्होल्टेज खाली बसायचं आणि इन्व्हर्टर ओरडायला लागायचा. आता १२.८ व्होल्टच्या, १०० अँपिअर-तासाच्या दोन लिथियम बॅटऱ्या समांतर जोडल्या आहेत. कागदावर आकडा २०० म्हणजे जुन्यापेक्षा कमीच, पण त्यातले जवळजवळ सगळे वापरता येतात आणि शेवटपर्यंत व्होल्टेज टिकून राहतं. वजनही ५५ किलोच्या आसपास होतं, ते निम्म्यावर आलं.

या बॅटऱ्या लिथियम आयर्न फॉस्फेटच्या असतात, फोनमधल्या नव्हेत. ही रसायनं तापली तरी सहज पेट घेत नाहीत, म्हणून माणसं झोपतात त्या गाडीत ती बसवता येतात. टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या गटाने १९९७ मध्ये या पदार्थावरचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यावर पहिलं नाव ए. के. पाधी यांचं आणि दुसरं के. एस. नंजुंडस्वामी यांचं आहे. बाबांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी दोन्ही नावं डायरीत लिहून घेतली.

एका दुकानात मला सांगण्यात आलं की जुन्या काढा, नव्या ठेवा, झालं काम. असं कोणी सांगितलं तर तिथून उठा. बॅटरी हा साखळीतला एक दुवा आहे. तिला वीज देणाऱ्या प्रत्येक गोष्टीकडे बघावं लागतं. गाडीतला जुना कन्व्हर्टर (बाहेरच्या विजेवरून किंवा जनरेटरवरून बॅटरी भरणारं यंत्र) १३.६ व्होल्टवर थांबणारा असेल तर लिथियम हळूहळू भरते आणि पूर्ण भरत नाही. तिला साधारण १४.२ ते १४.६ व्होल्ट लागतात. नेमका आकडा तुमच्या बॅटरीच्या पुस्तिकेत असतो, तोच लावा. आम्ही लिथियमसाठीचा ६० अँपिअरचा कन्व्हर्टर बसवला. सोलर कंट्रोलरची (पॅनेलमधून बॅटरीत जाणारी वीज सांभाळणाऱ्या यंत्राची) सेटिंगही बदलली आणि लेड-अ‍ॅसिडसाठी असणारा इक्वलायझेशनचा टप्पा बंद केला, कारण त्यात व्होल्टेज १५ च्या वर जातं.

सर्वांत महत्त्वाचा दुवा अल्टरनेटरचा, म्हणजे इंजिनवर वीज तयार करणाऱ्या यंत्राचा. लेड-अ‍ॅसिड बॅटरी भरत आली की स्वतःहून करंट कमी घेते. लिथियम मात्र शेवटपर्यंत मिळेल तेवढा ओढत राहते. गाडी उभी असून इंजिन चालू असेल तर अल्टरनेटरचा पंखा हळू फिरतो, थंडावा कमी मिळतो आणि अल्टरनेटर जळू शकतो. शिवाय बॅटरीतल्या बीएमएसने (बॅटरीचं रक्षण करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक सर्किटने) अचानक संबंध तोडला तर व्होल्टेजचा झटका बसून अल्टरनेटरचे डायोड जाऊ शकतात. म्हणून मूळ गाडीतला आयसोलेटर (अल्टरनेटर आणि हाउस बॅटरी यांना जोडणारा-तोडणारा स्विच) काढून तिथे ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर घातला, तो अल्टरनेटरच्या विजेवर हाउस बॅटरी भरतो. तो ठरलेलाच करंट घेतो. चालताना बराच तापतो, तेव्हा बंद कपाटात कोंबू नका. आम्ही तो डॅशबोर्डवरच्या एका बटणाने बंद करता येईल असाही करून घेतला.

दोन बॅटऱ्या जोडण्याआधी दोन्ही वेगवेगळ्या पूर्ण भरून घ्या. लोड जोडताना पॉझिटिव्ह एका बॅटरीवरून आणि निगेटिव्ह दुसरीवरून घ्या, म्हणजे दोघींवर सारखा भार येतो. आमचा इन्व्हर्टर २००० वॉटचा आहे. पूर्ण लोडवर तो १७५ अँपिअरच्या पुढे ओढतो. एवढ्यासाठी जाड तांब्याची केबल लागते. आम्ही ४/० मापाची घातली, लांबी मुद्दाम कमी ठेवली आणि लग (केबलच्या टोकाच्या धातूच्या कड्या) हायड्रॉलिक प्रेसने दाबून घेतले. बॅटरीच्या अगदी जवळ क्लास टी फ्यूज आहे. लिथियमच्या शॉर्टमध्ये हजारो अँपिअर वाहू शकतात आणि साधा स्वस्त फ्यूज तो प्रवाह तोडेल याची खात्री नसते. पैसे वाचवायचे असतील तर दुसरीकडे वाचवा, फ्यूज आणि केबलमध्ये नको.

शंटही हवाच. लिथियमचं व्होल्टेज इतकं सपाट असतं की १३.२ दिसले म्हणून काही कळत नाही. शंट मात्र आत-बाहेर जाणारा प्रत्येक अँपिअर मोजतो. फक्त सगळ्या निगेटिव्ह तारा त्याच्यातूनच गेल्या पाहिजेत. एखादी थेट बॅटरीला राहिली तर तिचा हिशेब लागत नाही.

निघालो त्या दिवशी फिनिक्सहून आय-१७ महामार्गाने चढत फ्लॅगस्टाफ गाठलं. फिनिक्स समुद्रसपाटीपासून सुमारे ३३० मीटरवर, फ्लॅगस्टाफ २१०० वर. बाबांची सगळी नोकरी विद्युत मंडळात झाली. पुढच्या सीटवर बसून ते फोनवरचा शंटचा आकडा वाचत होते. "अरे, तीसला तीस येतायत, एक इकडचा तिकडे नाही," असं दर अर्ध्या तासाने सांगायचे. फिनिक्सहून ग्रँड कॅनियनच्या पार्कपर्यंत चारेक तास लागतात, म्हणजे नुसत्या गाडी चालवण्यातून १२० अँपिअर-तास जमा होतात. ज्यांचा बेत रोज किंवा एक दिवसाआड गाव बदलण्याचा आहे त्यांनी छतावर आणखी पॅनेल चढवण्याआधी डीसी-डीसी चार्जर घ्यावा, असं माझं ठाम मत आहे.

दक्षिण काठावर दोन मुख्य पर्याय आहेत. ट्रेलर व्हिलेजमध्ये हुकअप, म्हणजे वीज-पाणी-सांडपाण्याच्या जोडण्या, मिळतात. मॅदर कॅम्पग्राउंडमध्ये हुकअप नाहीत आणि गाडीची लांबी ३० फुटांच्या आत हवी. आम्ही मॅदर घेतलं, कारण तिथे पाँडेरोसा पाइनची झाडं आहेत, जागा मोकळ्या आहेत आणि संध्याकाळी एल्क जातीची मोठी हरणं अगदी जवळून जातात. पण तीच झाडं सोलर खातात. आमच्या छतावर २०० वॉटचे पॅनेल आहेत आणि तिथे त्यांचा उपयोग नावापुरताच झाला. जागा निवडताना हे लक्षात असू द्या. आरक्षण सहा महिने आधी उघडतं आणि पटकन भरतं.

रात्री पारा शून्याखाली गेला. आमचा रात्रीचा हिशेब असा: हीटर गॅसवर चालतो, पण त्याचा पंखा चालू असताना आठेक अँपिअर घेतो. रात्रभरात तो साधारण निम्मा वेळ चालला, म्हणजे ४० अँपिअर-तास. सीपॅप पाणी गरम करणाऱ्या ह्युमिडिफायरसह इन्व्हर्टरवर लावलं तर आणखी ३५ च्या आसपास. दिवे, पंप, गॅस डिटेक्टर मिळून दहाएक. सकाळी उठलो तेव्हा बॅटरीत निम्म्याहून जास्त शिल्लक होतं. मशीनला १२ व्होल्टचा स्वतंत्र अ‍ॅडॉप्टर मिळत असेल तर तो जरूर घ्या, इन्व्हर्टरचा तोटा वाचतो. ह्युमिडिफायर बंद केला तर खप आणखी बराच उतरतो, पण तिथली हवा कोरडी आणि वर हीटर चालू. बाबांचा घसा सुकतो, म्हणून आम्ही तो बंद केला नाही. घरातल्या माणसासाठी मशीन लागत असेल तर हे निघण्याआधी डॉक्टरांशी बोलून ठरवा आणि एक पूर्ण रात्र दारात उभ्या गाडीत काढून आकडे बघा.

आईने सकाळी इंडक्शनवर पोहे केले. पंधरा मिनिटांत तीसेक अँपिअर-तास गेले. बाबा आकडा बघत होते, आई म्हणाली, "आकडे राहू द्या, खाऊन घ्या आधी."

शेजारच्या जागेवर एक वयस्कर जोडपं होतं. त्यांच्याकडेही लिथियमच होत्या, पण पायरीखालच्या बाहेरच्या खणात, जिथे पूर्वी लेड-अ‍ॅसिड होत्या तिथेच. सकाळी ऊन त्यांच्या पॅनेलवर स्वच्छ पडत होतं आणि अ‍ॅपवर चार्जिंग शून्य. त्यांना वाटलं कंट्रोलर गेला. झालं होतं इतकंच की बॅटरी गोठणबिंदूच्या खाली गेली होती आणि बीएमएसने चार्जिंग अडवलं होतं. ते योग्यच होतं. शून्य अंशाखाली चार्ज केलं तर लिथियम आत शिरण्याऐवजी ग्राफाइटवर धातूच्या थराने साचतं आणि बॅटरीचं कायमचं नुकसान होतं. वापरायला हरकत नसते, बहुतेक बॅटऱ्या उणे २० पर्यंत वीज देतात. अडचण फक्त भरण्याची. साडेदहाच्या सुमारास खण तापला आणि त्यांचं चार्जिंग आपोआप सुरू झालं.

आमच्या बॅटऱ्या जेवणाच्या टेबलाच्या बाकाखाली, गाडीच्या आत आहेत. रात्री हीटर चालतो तेव्हा त्यांनाही ऊब मिळते. लेड-अ‍ॅसिडमधून वायू निघतो म्हणून ती बाहेर ठेवावी लागते, लिथियमला ते बंधन नाही. जागा आत काढता येत नसेल तर आतून तापणाऱ्या बॅटऱ्या मिळतात, त्या घ्या. घेताना पुस्तिकेत थंडीत चार्जिंग तोडण्याची सोय स्पष्ट लिहिली आहे का ते बघा. काही स्वस्त बॅटऱ्यांत ती नसते.

मॅदरमध्ये जनरेटरला सकाळ-संध्याकाळ ठरावीकच वेळ मिळतो. पूर्वी तेवढ्यात फारसं काही होत नसे, कारण लेड-अ‍ॅसिड शेवटचा पाचवा हिस्सा भरायला तासन्‌तास घेते. आता ६० अँपिअरने दोन तासांत १२० भरतात. म्हणजे थंडीतल्या एका रात्रीचा खर्च आणि वर पोहे.

तिथून डेझर्ट व्ह्यू ड्राइव्हने पूर्वेकडे निघालो. हा रस्ता काठाकाठाने जातो, थांबे भरपूर आहेत, मोठ्या गाडीलाही त्रास नाही. कॅमरनला उतरून महामार्ग ८९ ने पेज. तिथे आम्ही हुकअप घेतला, कपडे धुतले, टाक्या रिकाम्या केल्या. लोन रॉक बीचवर पाण्याच्या कडेला राहता येतं, पण वाळू मऊ आहे, जड मोटरहोम रुतते. पुढे जाण्याआधी घड्याळाचं बघा. अ‍ॅरिझोना उन्हाळी वेळ पाळत नाही, नवाहो नेशन (तिथल्या मूळ रहिवाशांचा स्वायत्त प्रदेश, मॉन्युमेंट व्हॅली त्यातच येते) पाळतं. नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत मॉन्युमेंट व्हॅलीत फिनिक्सपेक्षा एक तास पुढे असतो. जीपची फेरी ठरवली असेल तर ती चुकते.

व्हॅली ऑफ द गॉड्स हा या प्रवासातला सर्वांत सुंदर मुक्काम. सुमारे १७ मैलांचा कच्चा रस्ता, दोन्ही बाजूंना लाल दगडांचे सुळके, सरकारी जमीन, राहायला पैसे नाहीत आणि सोयही काहीच नाही. पाऊस झाला असेल तर आत जाऊ नका, चिखल होतो आणि ओढे आडवे येतात. आम्ही महामार्ग १६३ च्या बाजूने जेमतेम मैलभर आत जाऊन थांबलो. सावली नसल्याने दिवसभर पॅनेल चालले आणि दुपारी तीनपर्यंत बॅटऱ्या भरल्या. दुसऱ्या टोकाला महामार्ग २६१ लागतो आणि त्यावर मोकी डगवे हा वळणावळणांचा कच्चा घाट आहे. मोटरहोम घेऊन तिकडे जाऊ नका, आलात त्याच वाटेने परता.

परत आल्यावर एक काम राहतं. फिनिक्सच्या उन्हाळ्यात बंद उभी गाडी भट्टीसारखी तापते आणि पूर्ण भरलेली लिथियम उष्णतेत लवकर म्हातारी होते. गाडी काही महिने उभी ठेवायची असेल तर बॅटरी ५० टक्क्यांच्या आसपास आणून मुख्य स्विच बंद करा, सोलरही तोडा आणि महिन्यातून एकदा आकडा बघा.