‘का मारलंस?’ हा प्रश्न शेवटी विचारा

कुमारवयीन मुलाच्या हातून खून झाला की सगळ्यांना एकच सुटसुटीत कारण हवं असतं. मोबाइल, गेम, वाईट संगत. प्रकरणं तपासायला बसलं की मात्र यातलं काहीच पुरत नाही.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ड्युई कॉर्नेल आणि सहकाऱ्यांनी 1987 मध्ये अशा मुलांची केलेली विभागणी आजही कामाची आहे: सायकोसिसच्या (वास्तवाचं भान सुटणाऱ्या मानसिक आजाराच्या) भरात मारणारे, भांडणातून मारणारे आणि लुटीसारख्या दुसऱ्या गुन्ह्याच्या ओघात मारणारे. पहिला गट अगदीच छोटा. म्हणजे ‘डोकं फिरलं असणार’ हा अंदाज बहुतेक वेळा चुकतो.

तिसऱ्या गटात मारायचं ठरलेलंच नसतं, असं पुष्कळदा दिसतं. समोरचा ओरडतो, प्रतिकार करतो किंवा ओळखतो, आणि सोबतच्या पोरांसमोर मागे हटणं अशक्य होऊन बसतं. मानसशास्त्रज्ञ गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांच्या 2005 मधल्या गाडी चालवण्याच्या खेळातल्या प्रयोगात मित्र सोबत असले की 13 ते 16 वयाची मुलं कितीतरी जास्त धोका पत्करत. चोविशीपुढच्यांना मित्रांच्या असण्याने फारसा फरक पडत नव्हता.

भांडणातल्या खुनामागे रागापेक्षा अपमान जास्त असतो, आणि तोही चारचौघांत झालेला. काही मुलांना साध्या नजरेतही खुन्नस दिसते. मानसशास्त्रज्ञ केनेथ डॉज यांनी हे नीट दाखवलं आहे.

आई किंवा वडिलांना मारणाऱ्या मुलांची गोष्ट वेगळी. गुन्हेशास्त्रज्ञ कॅथलीन हाइड यांच्या मांडणीत तीन प्रकार येतात: दीर्घकाळ छळलेली, गंभीर मानसिक आजार असलेली आणि समाजविघातक वृत्तीची. छळलेल्या मुलांनी बऱ्याचदा आधी मदत मागितलेली असते, पळून जायचाही प्रयत्न केलेला असतो. त्यातली काही जण पालक झोपेत असताना वार करतात. कोर्टात हे थंड डोक्याचं कृत्य वाटतं. खरं तर जागेपणी त्या माणसासमोर उभं राहायचीच त्यांना धास्ती असते.

म्हणून अशा मुलाच्या मुलाखतीत ‘का’ने सुरुवात करू नये. दबावाखाली मुलं समोरच्याला हवं ते उत्तर देतात, न केलेलंही कबूल करतात. आधी मध्ये न तोडता बोलू द्यावं. मग शेवटच्या तासाचा क्रम लावावा: कोण कुठे उभं होतं, पहिला वार कशानंतर झाला, हत्यार तिथेच उचललं की सोबत होतं. सोबत होतं म्हणून लगेच कट ठरवू नये. भेदरलेली मुलंही चाकू बाळगतात. तो किती दिवसांपासून आणि कोणाच्या भीतीने, हे विचारावं.