कार्ड धडधाकट, ड्रायव्हर गेला

जुनं ग्राफिक्स कार्ड म्हणजे जळून नाहीतर पंखा अडकून बाद होतं असं सगळे धरून चालतात, पण मी बघितलेली बरीचशी कार्डं चांगली चालू होती, फक्त कंपनीने त्यांचा ड्रायव्हर (कार्डाला सिस्टीमशी बोलायला लावणारं सॉफ्टवेअर) बनवायचं बंद केलं म्हणून ती भंगारात गेली. मला याचा खरंच राग येतो.

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट संपला तेव्हापासून इंदूरच्या आमच्या नात्यागोत्यात "जरा लिनक्स टाकून दे ना रे" सुरू आहे (लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकट सिस्टीम). रामबागेतल्या काकांचा पीसी सेकंड जनरेशन आय3 चा, त्यात सिल्व्हर मॉलमधून कधीतरी सेकंडहँड घेतलेलं एनव्हिडिया कंपनीचं जीटी 610 कार्ड. लिनक्स मिंट टाकलं, डेस्कटॉप मस्त आला, पण यूट्यूबवर कीर्तन लावलं की बुवांचा आवाज पुढे आणि चित्र मागे. काकू म्हणाल्या, "हे असलं बघण्यापेक्षा रेडिओ बरा."

झालं असं की हे कार्ड फर्मी पिढीचं, त्याचा बंदिस्त (मूळ कोड कंपनीने स्वतःकडेच ठेवलेला) ड्रायव्हर 390 सिरीजचा आणि त्याचा सपोर्ट 2022 अखेर संपला. लिनक्सचा कर्नल (सिस्टीमचा सगळ्यात आतला भाग) सतत बदलत असतो, त्यामुळे बाहेरचा ड्रायव्हर दर नव्या कर्नलसाठी पुन्हा कंपाइल करावा (त्याच्याशी जुळवून बांधावा) लागतो, आणि कंपनीने हात काढला की एक दिवस अपडेटनंतर ते कंपाइल फेल होतं आणि स्क्रीन काळी. हौशी लोक वरवरच्या भागाला पॅच लावून काही काळ रेटतात पण ड्रायव्हरच्या मुख्य गाभ्याचा सोर्सच (मूळ कोड) नाही तर ते तरी काय करणार?

मग उरतो नूवो, म्हणजे एनव्हिडिया कार्डांसाठीचा उघडा ड्रायव्हर. कंपनीची कागदपत्रं हातात नसताना, कार्ड काय करतं ते बघून बघून लोकांनी हा ड्रायव्हर उभा केला, त्यांना माझा दंडवत. पण फर्मीवर त्याला कार्डाचा स्पीड धड वाढवता येत नाही, ते बूटच्या वेळच्याच क्लॉकवर (वेगावर) रेंगाळतं. आणि जीटीएक्स 900 सिरीजपासून तर कंपनीने सही केलेलं फर्मवेअर (कार्डाच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) सक्तीचं केलं, म्हणजे स्पीड वाढवायची किल्लीच स्वतःकडे ठेवली. 2012 मध्ये फिनलंडमधे लिनक्स बनवणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सने भर सभेत एनव्हिडियाला मधलं बोट दाखवलं होतं ते काही उगाच नाही.

काकांकडे मी ते कार्ड काढून टाकलं आणि केबल सरळ मदरबोर्डच्या व्हीजीए पोर्टला लावली. आय3 मधलं इंटेलचं ग्राफिक्स 2011 चं आहे, पण त्याचा ड्रायव्हर कर्नलमधेच आहे, उघडा आहे, म्हणून आजही चालतोय. एक अडचण उरली, हे ग्राफिक्स एच264 प्रकारचा व्हिडिओ डीकोड करतं (उलगडतं) आणि यूट्यूब पाठवतं व्हीपी9 किंवा एव्ही1 हे दुसरे प्रकार, मग सगळा भार सीपीयूवर. त्यासाठी डीकोडचं काम ग्राफिक्सकडे सोपवणारा आय965 चा व्हीए-एपीआय ड्रायव्हर टाकला आणि फायरफॉक्समधे एच264 मागणारं एक्स्टेंशन. कीर्तन सुरू केलं, सिस्टीम मॉनिटर उघडा ठेवला, सीपीयूच्या चारी रेषा खाली बसल्या आणि बुवांचे टाळ आवाजाबरोबर वाजायला लागले. (फेडोरा ही लिनक्सची दुसरी आवृत्ती वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवा, तिथे पेटंटच्या भानगडीमुळे 2022 पासून मेसामधून, म्हणजे लिनक्सच्या उघड्या ग्राफिक्स ड्रायव्हरांच्या संचातून, एच264 काढलंय, एएमडी कार्ड असेल तर आरपीएम फ्यूजन या बाहेरच्या भांडारातलं पॅकेज लागतं.)

मे 2022 मधे एनव्हिडियाने ड्रायव्हरचा कर्नलमधला भाग ओपन सोर्स केला, चांगलंच झालं, पण तो फक्त ट्युरिंग (जीटीएक्स 1650 ची पिढी) आणि पुढच्या कार्डांना, आणि ओपनजीएल, व्हल्कन (चित्र काढणारे भाग), कूडा (कार्डावर आकडेमोड करणारा भाग) हे वरचं सगळं अजून बंदच. म्हणून जुन्या बाजारात एएमडीची आरएक्स 580 आणि एनव्हिडियाची जीटीएक्स 1060 शेजारी शेजारी दिसली तर लिनक्ससाठी डोळे झाकून 580 घ्या. तिचा ड्रायव्हर कर्नल आणि मेसामधे आहे, तर 1060 साठी 580 नंबरची ड्रायव्हर सिरीज शेवटची (नंबर तोच आहे, गोंधळू नका). ब्लेंडर किंवा एआयसाठी कूडाच हवं असेल तर मग जीटीएक्स 1650 च्या खाली उतरू नका. आणि घरी जुनं जीटी 610 असेल तर नवं काही घ्यायच्या आधी कॅबिनेटच्या मागे वाकून बघा, मदरबोर्डला व्हीजीए किंवा एचडीएमआय पोर्ट आहे का.