त्र्याऐंशी, सत्तेचाळीस

बुधवार, रात्रीचे पावणेअकरा. बेळगावच्या वडगावात दिवसभर पावसाची झड. सासूबाईंचे गुडघे धरलेत, दोन ब्लाउज उद्या द्यायचेत, आणि मी मशीन सोडून हे लिहीत बसलेय.

मनू नववीत आहे. ३१व्या आठवड्यात झाली, वजन १ किलो ३५० ग्रॅम. ३७ आठवड्यांच्या आत जन्मलं की बाळ अपुऱ्या दिवसांचं, ३२च्या आत म्हणजे फारच लवकरचं, ही मोजमापं तेव्हाच पाठ झाली. सासूबाई अजून तिला ‘सातमासी’ म्हणतात. वर सातव्यातलं जगतं, आठव्यातलं नाही, हेही ऐकवतात. खरं तर उलट आहे, दिवस भरेपर्यंत पोटात जितकं जास्त राहील तितकं बरं. पण त्यांच्याशी वाद कोण घालणार!

वाचनात पोरगी कधी अडली नाही. गणिताची वही उघडली की मात्र तिच्या पोटात दुखायला लागतं. सहावीत एका सरांनी अर्धा तास फळ्यापाशी उभं केलं होतं, तेव्हापासून जास्तच. मला वाटायचं, नाटकं. म्हणून मी गजराचं घड्याळ तिच्या टेबलावर ठेवलं. पाच मिनिटांत दहा गणितं. रबरानं खोडून खोडून वहीच्या पानाला भोकं पडली, ती मी रोज बघत होते.

गेल्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. लवकर जन्मलेली सगळीच नाही, पण बरीच मुलं वाचनापेक्षा गणितात जास्त अडतात. लहानमोठी संख्या त्यांना बहुतेक वेळा कळते. कमी पडते ती हातातलं गणित होईपर्यंत मधले आकडे डोक्यात धरून ठेवायची ताकद, आकृती झटकन डोळ्यांपुढे आणणं, वेग. आणि भीती नेमकी तीच जागा अडवते. मला कापायचं टेबलच आठवलं. आधीच आखूड, त्यावर अर्ध्या भागात कुणी गाठोडं आणून टाकलं तर कापड पसरायचं कुठं? ते गाठोडं टाकणारी मीच.

तर आजची गोष्ट. मी काज्यांना टाके घालत वाचून दाखवत होते, “त्रिकोणाचे दोन कोन त्र्याऐंशी आणि सत्तेचाळीस अंश, तिसरा किती?” तिनं आधी तीन लिहिला, मग आठ. खोडलं. मग सात, मग चार. परत खोडलं. डोळे भरले. आतून सासूबाई, “का रडायलीस गं? दमानं घे की!” मी गप्प राहिले (हे मला सोपं नाही). थोड्या वेळानं तिचे ओठ हलायला लागले. “एंबत्तमूरु… नलवत्तेळु… नूर मूवत्तु…” आणि वहीत ५०.

कन्नडात! १ नोव्हेंबरला, कर्नाटकच्या स्थापनादिनी, निषेधाची काळी पट्टी बांधणाऱ्या घरात! मी विचारलं तर घाबरली, म्हणाली, “आई, त्यात आकडे लिहायच्या क्रमानंच येतात.” बरोबरच आहे. एंबत्तमूरु म्हणजे ऐंशी तीन, आठ आधी, तीन नंतर. आपण त्र्याऐंशी म्हणतो, तीन आधी ऐकू येतो आणि लिहायचा नंतर. एकोणऐंशीत तर ना सात, ना नऊ. गल्लीतल्या मैत्रिणींबरोबर खेळताना उचललेली वाट पोरीनं आपली आपण वापरली, आणि ती इतके दिवस चोरून वापरत होती.

२०१९ साली तिकडे महाराष्ट्रात बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘पन्नास तीन’ असं वाचन आलं तेव्हा केवढा गहजब झाला होता. गणित समितीच्या मंगला नारळीकर समजावून दमल्या. आमच्या पोरांची पुस्तकं कर्नाटकची, आम्हाला त्याचं काही देणंघेणं नव्हतं, तरी मीही दुकानात बसून यथेच्छ हसले होते. पाढे म्हणजे पाढे, आमच्या आजीला औटकी (साडेतीनचा पाढा) यायची, वगैरे.

आत्ता छातीचं माप लिहून घेताना लक्ष गेलं. तोंडानं म्हटलं छत्तीस, म्हणजे सहा आधी. हातानं तीन आधी लिहिला. चाळीस वर्षं हे करतेय, कळलंसुद्धा नव्हतं.

घड्याळ तिच्या टेबलावरून उचलून इकडं मशीनवर आणलंय. त्याची टिकटिक फारच मोठी आहे, बाई.