प्रतिकृती वाहक पट्टा: तिसऱ्या टप्प्याची नोंद

गोदामातील मालवाहतुकीची प्रतिकृती उभारण्याच्या या कामात गेले काही आठवडे एकाच अडचणीत गेले. १०० मिमी रुंदीचा आणि दोन ड्रममध्ये १२०० मिमी अंतर असलेला मुख्य पट्टा रिकामा असताना उत्तम चालत असे, परंतु त्यावर २०० ग्रॅमची दहा-बारा खोकी ठेवली की मोटर फिरत राही आणि पट्टा जागेवर थांबे. मोटर कमकुवत असावी हा माझा पहिला अंदाज चुकीचा ठरला. मोटरमध्ये जोर पुरेसा होता, मात्र तो ड्रमकडून पट्ट्याकडे पोहोचत नव्हता.

मूळ मांडणीतच एक दोष होता. वायरिंग सोयीचे पडावे म्हणून मी मोटर खोकी चढवण्याच्या टोकाला बसवली होती, त्यामुळे भार वाहणारी वरची बाजू सैल पडून झोळ देत होती आणि सगळा ताण खालच्या रिकाम्या बाजूवर येत होता. कारखान्यांतील सरळ पट्ट्यांवर चालक ड्रम बहुधा माल उतरण्याच्या टोकाला का असतो, हे तो झोळ पाहिल्यावर मला नीट उमगले. मोटर दुसऱ्या टोकाला नेल्यावर वरची बाजू ताठ झाली, पण घसरणे पूर्णपणे थांबले नाही.

यावर पट्टा आणखी ताणणे हा सोपा उपाय दिसतो आणि मीही तो करून पाहिला, परंतु त्याने बेअरिंगवरचा भार वाढला आणि ॲल्युमिनियमची फ्रेम किंचित वाकली. पट्टा न घसरता ताठ आणि सैल बाजूंच्या ताणांचे गुणोत्तर किती होऊ शकते, हे घर्षणांक आणि पट्ट्याने ड्रमला घातलेला वेढा यांच्या गुणाकारावर घातांकी पद्धतीने अवलंबून असते. गुळगुळीत ड्रमसाठी घर्षणांक ०.२ आणि वेढा १८० अंश धरला, तर हे गुणोत्तर सुमारे १.९ येते. ड्रमवर रबराचे आवरण चढवून घर्षणांक ०.३५ धरला आणि ड्रमलगत खालून एक स्नब रोलर (पट्ट्याला ड्रमभोवती अधिक वळवणारा छोटा रोलर) लावून वेढा २१० अंशांवर नेला, तर तेच गुणोत्तर सुमारे ३.६ होते. प्रत्यक्ष ओढ ही या दोन ताणांमधील फरकाइतकी असल्याने, सैल बाजूचा ताण तोच ठेवूनही ती जवळपास तिप्पट होते. सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा आणि एक छोटा रोलर एवढ्यावर हे साधले, याचा मला मनापासून आनंद आहे. आता वीस खोकी ठेवूनही पट्टा घसरत नाही.

पट्टा एका कडेला सरकण्याचे कारण मुख्यतः सांध्यात सापडले, कारण टोके काटकोनात कापलेली नव्हती. नव्याने सांधा केल्यावर शेपटाच्या, म्हणजे मोटर नसलेल्या टोकाच्या, ड्रमच्या मध्यभागी टेपचे दोन थर देऊन त्याला हलका फुगवटा आणला, कारण सपाट पट्टा अशा ड्रमवर जास्त व्यासाच्या भागाकडे ओढला जातो आणि मध्यावर स्थिर राहतो. उरलेले थोडे सरकणे ताणाच्या स्क्रूने काढले. पट्टा ज्या बाजूला जात असेल, त्या बाजूचा स्क्रू पाव फेरा घट्ट करावा आणि परिणाम दिसेपर्यंत पट्ट्याला अनेक फेरे फिरू द्यावे. घाईने दोन्ही स्क्रू फिरवले की कोणत्या बदलाने काय झाले, हे कळेनासे होते.

वेगाचा हिशोब सरळ आहे. रबरासकट ४० मिमी व्यासाचा ड्रम मिनिटाला ६० फेरे घेतो, म्हणून पट्टा सेकंदाला सुमारे १२६ मिमी पुढे जातो. त्यापुढचा छोटा पट्टा मी मुद्दाम दीडपट वेगाने चालवतो. एकमेकांना चिकटून आलेली ६० मिमी लांबीची खोकी त्यावर गेली की त्यांच्यात ३० मिमी मोकळी जागा पडते आणि प्रकाश-सेन्सरला प्रत्येक खोके वेगळे मोजता येते. वर्गीकरण करणाऱ्या गोदामांतही खोक्यांमध्ये अंतर पाडण्यासाठी हीच युक्ती वापरतात.

सध्या काम ९० अंशांच्या रोलर वळणावर चालू आहे. आतली त्रिज्या १५० मिमी आणि बाहेरची २५० मिमी असल्यामुळे खोक्याच्या बाहेरच्या कडेला जास्त अंतर कापावे लागते, म्हणून रोलर आतल्या टोकाला १२ मिमी आणि बाहेरच्या टोकाला २० मिमी व्यासाचे निमुळते केले आहेत. वरचा पृष्ठभाग समतल राहावा यासाठी त्यांच्या आसाचे बाहेरचे टोक ४ मिमी खाली घ्यावे लागते. खोक्याखाली सतत किमान तीन रोलर हवेत, या नियमाने मध्यरेषेवर २० मिमी अंतर ठरले आणि वळणासाठी सोळा रोलर लागतील असे दिसते. त्यांपैकी पाच बसवून झाले असून खोके त्यांवरून तिरके न होता वळते.