शेवटच्या आजारातली लपवाछपवी

गेल्या वर्षी माझे वडील, अण्णा, गेले. स्वादुपिंडाचा कर्करोग होता, आणि निदान झाले तेव्हा तो यकृतापर्यंत पसरलेला असल्यामुळे शस्त्रक्रियेचा प्रश्नच उरला नव्हता. शेवटच्या काही महिन्यांत त्यांना जो आराम मिळाला, तो पॅलिएटिव्ह केअरमुळे, म्हणजे गंभीर आजारातल्या वेदना आणि इतर त्रास हलके करणाऱ्या उपचारांमुळे मिळाला. तो मिळायला जो उशीर झाला, त्याला पैसा किंवा अंतर कारणीभूत नव्हते. अण्णांना काही कळू द्यायचे नाही, असे थोरल्या काकांनी आणि आत्यांनी ठरवले होते, आणि पॅलिएटिव्ह केअरच्या डॉक्टरांना घरी बोलवायचे म्हणजे जे लपवायचे तेच दारात आणून उभे करायचे, असा त्यांचा हिशेब होता.

अण्णा तलाठी म्हणून निवृत्त झाले होते. आयुष्यभर सातबारा आणि फेरफार वाचलेल्या या माणसाला पोटात अल्सर असल्याचे सांगण्यात आले, त्यांची फाईल कपाटात कुलूपबंद झाली, आणि रुग्णालयाच्या ज्या इमारतीवर मोठ्या अक्षरांत कर्करोग विभाग असे लिहिलेले होते, तिच्या मागच्या दाराने त्यांना आत नेले जाऊ लागले. त्यांनी एकदाही विचारले नाही. घरातल्यांनी याचा अर्थ त्यांना काही कळलेले नाही असा लावला. माझ्या मते त्यांना सगळे कळले होते आणि ते आम्हालाच सांभाळून घेत होते. आपल्याकडे असे कितीतरी रुग्ण असतात: घरचे रुग्णापासून लपवतात, रुग्ण घरच्यांपासून लपवतो, आणि एकाच छताखाली सगळे एकेकटे रडतात.

स्वादुपिंडाच्या दुखण्याची एक खूण असते. ते पोटाच्या वरच्या भागातून थेट पाठीत शिरते, उताणे झोपले की वाढते आणि पुढे वाकून बसले की किंचित कमी होते. अण्णा रात्र रात्र उशी पोटाशी धरून पलंगावर वाकून बसत. उपचार करणारे डॉक्टर सज्जन होते, परंतु केमोथेरपीच्या पुढच्या फेरीबद्दल जेवढे बोलत तेवढे ते या बसण्याबद्दल बोलत नसत. शेवटी एका परिचित परिचारिकेच्या सांगण्यावरून आम्ही पुण्यातल्या एका गृहसेवा पथकाला बोलावले. काका त्या दिवशी घराबाहेर निघून गेले.

पथकातल्या डॉक्टरांनी पहिला बराच वेळ फक्त प्रश्न विचारले. दुखणे कुठे सुरू होते, कशाने वाढते, झोप किती लागते, शौचाला कसे होते, जेवणात काय आवडते, कोणती काळजी सतावते. लंडनमध्ये १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे अखेरच्या टप्प्यातल्या रुग्णांची शुश्रूषा करणारे केंद्र, सुरू करणाऱ्या डॉ. सिसिली साँडर्स यांनी वेदनेकडे पाहण्याची हीच रीत घालून दिली: शरीर, मन, नातीगोती आणि श्रद्धा यांची दुखणी एकमेकांत मिसळलेली असतात, आणि त्यांतले एकच तेवढे उचलून त्याच्यावर इलाज करता येत नाही. अण्णांना मॉर्फिनच्या गोळ्या सुरू झाल्या. या गोळ्यांचा परिणाम साधारण चार तास टिकतो, म्हणून दुखण्याची वाट न पाहता त्या घड्याळाप्रमाणे द्यायच्या असतात. मॉर्फिनमुळे बद्धकोष्ठता जवळजवळ ठरलेली, म्हणून तिचे औषध पहिल्याच दिवसापासून सोबत हवे; सुरुवातीची गुंगी आणि मळमळ बहुधा काही दिवसांत ओसरते. अण्णा त्या आठवड्यात बऱ्याच काळानंतर कुशीवर झोपले.

मॉर्फिन म्हटले की घरातली माणसे दचकतात. व्यसन लागेल, शुद्ध हरपेल, मरण जवळ येईल, असे सांगणारे नातेवाईक आम्हालाही भेटले. तीव्र वेदनेसाठी जाणकार डॉक्टरांच्या देखरेखीखाली योग्य प्रमाणात दिलेल्या मॉर्फिनमुळे व्यसन लागल्याचे क्वचितच आढळते, आणि त्यामुळे मृत्यू अलीकडे येत नाही. या भीतीला कायद्याचेही खतपाणी मिळाले. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यामुळे रुग्णालयांना मॉर्फिन बाळगण्यासाठी अनेक परवाने काढावे लागत, आणि त्या कटकटीपेक्षा औषध न ठेवणेच बऱ्याच ठिकाणी पसंत केले गेले. नीमच, मंदसौर, चित्तोडगड या पट्ट्यात सरकारी परवान्याने अफूची शेती होते, त्याच अफूपासून मॉर्फिन बनते, आणि त्याच देशातला रुग्ण मॉर्फिनवाचून तळमळतो, हे मला अजूनही समजून घेता आलेले नाही. २०१४ च्या दुरुस्तीने ही प्रक्रिया पुष्कळ सोपी केली, मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना एकाच मंजुरीवर ही औषधे ठेवता येऊ लागली. कायदा बदलला तरी त्या काळात शिकलेल्या कितीतरी डॉक्टरांचा हात मॉर्फिन लिहिताना आजही अडखळतो.

आमच्या घरात सर्वांत मोठा गैरसमज होता तो वेळेचा. पॅलिएटिव्ह केअर म्हणजे डॉक्टरांनी हात टेकल्यावरची गोष्ट, असेच जवळपास सगळे समजतात. खरे तर ती निदान झाल्यापासून, मूळ उपचारांच्या बरोबरीने सुरू करायची असते. अमेरिकेत फुप्फुसाच्या पसरलेल्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यात ज्यांना सुरुवातीपासून ही सेवा मिळाली त्यांचे जगणे अधिक सुसह्य झाले, नैराश्य कमी राहिले, आणि शेवटी आक्रमक उपचार कमी होऊनही त्यांचे आयुष्य सरासरी अडीच-पावणेतीन महिन्यांनी अधिक भरले. ही सेवा केवळ कर्करोगासाठीही नाही. थकलेले हृदय, निकामी मूत्रपिंड, श्वास पुरू न देणारे फुप्फुसाचे आजार, पार्किन्सन, स्मृतिभ्रंश या सगळ्यांत तिची गरज असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ५ कोटी ६८ लाख लोकांना ती लागते आणि त्यांपैकी जेमतेम १४ टक्के लोकांना मिळते.

लपवाछपवी संपली ती अण्णांच्याच प्रश्नाने. गृहसेवेच्या डॉक्टरांना त्यांनी माझ्यासमोर विचारले, "साहेब, यंदाचा पाडवा गाठेन का?" डॉक्टरांनी उत्तराची घाई केली नाही. तुम्हाला स्वतःला काय वाटते, असे त्यांनी उलट विचारले, आणि अण्णा शांतपणे म्हणाले, "अवघड दिसतंय." मग डॉक्टरांनी त्यांना जेवढे ऐकायचे होते तेवढे खरे सांगितले, त्याहून अधिक नाही.

त्यानंतरचे अण्णा मला पुन्हा ओळखीचे वाटू लागले. त्यांनी कागद मागवले. बँकेतली नामनिर्देशने तपासली, आईच्या नावावर काय असावे ते लिहवून घेतले, बांधाच्या वादावरून वर्षानुवर्षे अबोला धरलेल्या चुलतभावाला निरोप धाडला. तो आला, आणि दोघांनी सबंध दुपार पीकपाण्याच्या गप्पांत घालवली. बांधाचा विषय निघाला नाही. मला व्हेंटिलेटरवर ठेवायचे नाही, हेही अण्णांनी लिहून ठेवले. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये असे वैद्यकीय इच्छापत्र ग्राह्य ठरवले आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची रीत सुटसुटीत केली. दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ते साक्षांकित करून घेता येते, आणि आपल्या वतीने कोणी बोलावे तेही त्यात नमूद करता येते. पूर्वीसारखी दंडाधिकाऱ्यांची सही लागत नाही. मसुद्यात एका ठिकाणी तारीख राहिली होती, ती अण्णांनीच दाखवून दिली.

अखेरच्या टप्प्यात अन्नावरून वाद झाला. त्यांना उपाशी ठेवू नका, सलाईन तरी लावा, असे आत्या हात जोडून म्हणत होत्या, आणि त्यामागची माया मला दिसत होती. परिचारिकेने त्यांना जवळ बसवून समजावले की शरीर मिटू लागले की भूक आपोआप मावळते, आणि बळेच दिलेले पाणी अशा वेळी अंगावर सूज आणि छातीत घरघर वाढवू शकते. कोरड्या पडलेल्या ओठांना आणि तोंडाला मात्र वरचेवर ओलावा लागतो, तो ओल्या कापसाने कसा द्यायचा हे तिने शिकवले. आत्यांनी ते काम आपल्याकडे घेतले आणि शेवटपर्यंत कोणाला करू दिले नाही. जिभेवर कटाच्या आमटीचे दोन थेंब ठेवल्यावर अण्णांनी भुवया उंचावल्या होत्या, मीठ कमी असल्यासारख्या.

शोक मृत्यूनंतर सुरू होतो ही माझी समजूत होती. त्यांची दाढी करताना गालफडे हाताला लागत, मनगटावरचे घड्याळ कोपरापर्यंत घसरे, आणि माणूस समोर असतानाच त्याची आठवण येऊ लागे. अशा वेळी 'सकारात्मक राहा' म्हणणाऱ्यांचा मला राग येई, अजूनही येतो. पथकातल्या समुपदेशक बाईंनी आई आणि माझ्याशी या शोकाबद्दल अण्णांच्या हयातीतच बोलणे सुरू केले आणि ते गेल्यानंतरही फोन येत राहिले. कुटुंबाचा शोक हाही या उपचारांचाच भाग आहे, हे मला तोवर ठाऊक नव्हते.

आम्ही पुण्यात होतो म्हणून हे घडले. वांद्र्याला १९८६ साली डॉ. लुइस डिसूझा यांनी सुरू केलेले शांती अवेदना सदन हे देशातले पहिले हॉस्पिस, परळच्या टाटा रुग्णालयात या विषयाचा स्वतंत्र विभाग, पुण्यात वारज्याला १९९७ पासून विनामूल्य सेवा देणारे सिप्लाचे केंद्र. एवढा वारसा असूनही आमच्या मूळ गावच्या तालुक्याला मॉर्फिनची गोळी मिळवायची तर दिवस मोडून शहर गाठावे लागते. केरळात १९९३ साली कोळिकोडला डॉ. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केलेले काम शेजारीपाजारी, विद्यार्थी, रिक्षावाले यांनी उचलून धरले, २००८ मध्ये राज्याने त्याचे धोरण केले, आणि आज तिथे पंचायतीच्या परिचारिका घरोघरी जातात. आयुष्मान आरोग्य मंदिर या सरकारी आरोग्य केंद्रांच्या सेवांच्या यादीत पॅलिएटिव्ह केअर आपल्याकडेही आहे. ग्रामसभेत रस्त्याचा आणि पाण्याचा विषय निघतो, तिथे हाही प्रश्न विचारता येईल: आपल्या केंद्रात या सेवेचे प्रशिक्षण कोणी घेतले आहे, आणि जिल्हा रुग्णालयात मॉर्फिन आहे का?

काकांना आता गुडघ्यांचे आणि हृदयाचे दुखणे आहे. गेल्या महिन्यात त्यांनी मला फोन करून अण्णांच्या त्या इच्छापत्राचा मसुदा मागवून घेतला.